कोषांतून निघाले भलतेच

१

होणाऱ्या विहीणबाईंनी पेटीवरचा निळा कपडा झोकात ओढला, पेटीकडे न बघताच पाहुण्यांकडे तोंड फिरवलं आणि म्हणाल्या, "बघा!"

पाहुण्यांनी बघितलं. टाळ्यांसाठी उचललेले हात तसेच राहिले. पुढे उभी असलेली एक चिमुरडी काचेला नाक लावून म्हणाली, "ह्यात तर चिलटं आहेत!"

फुलपाखरांच्या बागेचं उद्घाटन होतं ते. काचेच्या पेटीत एका वाळक्या फांदीला चार कोष लटकत होते. आज सकाळी त्यांतून चार फुलपाखरं निघायची, सगळ्यांसमोर पंख सुकवायची आणि मग बागेत सोडायची, असा बेत होता. ह्या एका सकाळीसाठी विहीणबाईंनी जिवाचं रान केलं होतं. आणि आता? कोषांना टाचणीनं टोचल्यासारखी भोकं पडली होती, आतून ते रिकामे झाले होते, आणि शेकडो इवल्याशा हिरव्या माश्या काचेवर सैरावैरा धावत होत्या.

नाना गर्दीत मागे उभे होते. शेजारच्या जमिनीवर त्यांची ग्रीनहाऊसं होती. कोबी आणि टोमॅटो पिकवण्यात सगळी हयात गेलेली. त्यांच्या मुलाचं लग्न विहीणबाईंच्या मुलीशी ठरलं होतं, त्यामुळे ह्या बागेचं सुखदुःख ते आधीपासूनच आपलं मानू लागले होते. त्यांना फार वाईट वाटलं. फक्त सगळे वळून आपल्याकडेच का बघताहेत, ते त्यांना कळेना.

ते मुलीच्या मामानं कळवलं. मामा म्हणजे विहीणबाईंचा धाकटा भाऊ, बागेतला भागीदार. "अक्का," तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाला, "त्या रविवारी व्याही तारीख ठरवायला आले होते, तेव्हा त्यांच्या पिशवीत काय होतं ते आठवतंय ना?"

नानांना घाम फुटला. पिशवीत ट्रायकोकार्डं होती. कोबीवर औषध फवारायला नको म्हणून ते ही कार्डं आणून पानांना अडकवत. कार्डातून बारीक गांधीलमाश्या निघतात आणि किडीचा बंदोबस्त करतात. आणि त्या रविवारी नानांनी ह्याच पेटीपाशी उभं राहून, कार्ड हातात नाचवत मोठ्या फुशारकीनं सांगितलं होतं, "ह्या एवढ्याशा कार्डात वीस हजार माश्या आहेत, वीस हजार!"

विहीणबाई हळूहळू नानांच्या समोर आल्या.

"आमची मुलगी तुमच्याकडे यायच्या आधीच तुम्ही तुमच्या माश्या आमच्याकडे पाठवल्यात?" त्या म्हणाल्या. "ह्याला माझं उत्तर ऐका. हे लग्न होणार नाही."

२

जग त्यांना नाना म्हणे. बाळ्या म्हणणारी एकच व्यक्ती उरली होती, ती म्हणजे थोरली बहीण. ताईंनी म्युझियमच्या कीटक विभागात आयुष्य काढलं होतं, तेही सगळं परोपजीवी गांधीलमाश्यांची वर्गवारी लावण्यात. तिथले लोक त्यांना पाठीमागे 'गांधीलबाई' म्हणत. हे ताईंना माहीत होतं आणि आवडतही होतं.

निरोप मिळाल्यावर त्या दुसऱ्याच दिवशी बसनं आल्या. सूक्ष्मदर्शक मांडीवर तान्ह्या बाळासारखा धरून आणला होता.

"आधी रडगाणं की आधी माशी?" दारातच त्यांनी विचारलं.

"ताई, माझा संसार..."

"तुझा नाही, तुझ्या मुलाचा. माशी आण."

माशी होती. आदल्या दिवशी गोंधळ चालू असताना मुलीनं, म्हणजे होणाऱ्या सुनेनं, मऊ ब्रशनं पेटीतल्या बऱ्याचशा माश्या काचेच्या नळीत गोळा करून नानांच्या मुलाजवळ पाठवल्या होत्या. बरोबर निरोपही होता: 'काका, तुमच्या माश्यांनी हे होऊच शकत नाही. मी आईला परोपरीनं सांगितलं. ती म्हणते, आत्तापासूनच सासरची बाजू घेऊ नकोस.'

"गुणाची आहे पोर," नाना सुस्कारा टाकून म्हणाले.

"हं," एवढंच ताई म्हणाल्या. त्यांनी स्वयंपाकघरातलं टेबल मोकळं करायला लावलं, नळीतल्या मेलेल्या माश्या पांढऱ्या बशीत ओतल्या आणि भिंगाला डोळा लावला. "लग्नात बघू नये आणि माशीत बघितल्याशिवाय राहू नये अशी एकच गोष्ट आहे बाळ्या, कूळ. ये, बघ इकडे. पाऊल दिसतंय? बोटासारखी पेरं आहेत त्याला. मोज."

नानांनी मोजली. "पाच."

"आता तुझं कार्ड आण."

नानांनी कार्ड आणलं. त्यातली माशी इतकी बारीक होती की बशीत शोधायलाच वेळ लागला. तिच्या पावलाची पेरं भरली तीन.

"ट्रायकोग्रामाच्या सगळ्या खानदानात पावलाला तीनच पेरं," ताई म्हणाल्या. "ती फक्त किड्याच्या अंड्यात अंडं घालते. आख्खं आयुष्य खसखशीएवढ्या अंड्यात काढणारी ही बया. ती कोषाच्या वाटेला कशाला जाईल? ह्या पेटीतल्या वेगळ्या कुळातल्या आहेत. ह्यांच्या आया कोषातच अंडी घालतात, पिल्लं आतल्या आत जेवतात आणि भोक पाडून बाहेर येतात. तू सुटलास."

नानांच्या जिवात जीव आला. त्यांनी आनंदानं चहा टाकला. पण दोन कप भरून टेबलाशी आले तर ताई भिंगावरून हलल्याच नव्हत्या. त्या सुईच्या टोकानं एकेक माशी बाजूला सारत पुटपुटत होत्या, "नर... नर... हाही नर..."

"काय झालं?"

ताईंनी मान वर केली. त्यांच्या कपाळावर आठी होती.

"बाळ्या, ह्यात एकही मुलगी नाही," त्या म्हणाल्या. "एवढ्या खटल्यात एकही नाही. आणि असं कधी होत नाही."

३

दुपारी दोघं बागेत गेली. विहीणबाईंनी नानांना बघून तोंड फिरवलं, पण ताई म्हणाल्या, "मी ह्यांच्याकडून आलेली नाही, म्युझियमकडून आले आहे," तेव्हा त्यांचा नाइलाज झाला. खुर्ची मात्र त्यांनी एकच दिली. नाना उभे राहिले.

"चौकशी कसली करायची त्यात?" विहीणबाई म्हणाल्या. "अळ्या कोष करायला लटकल्या तशी शुक्रवारी सकाळी मी आणि मुलीनं फांदी पेटीत ठेवली. पेटीला जाळी आहे ती कापडासारखी बारीक. मुंगी शिरणार नाही. कुलूप नाही, पण दाराला घट्ट खिट्टी आहे."

"आणि रविवारी बाळ्या आला तेव्हा?"

"तेव्हा कोष तयार होते. मीच दार उघडून ह्यांना दाखवले."

"तुम्ही नखानं टकटक केलं होतंत," नाना मध्येच बोलले. "म्हणालात, बघा कसा शेंगेच्या टरफलासारखा कडक झालाय."

"म्हणाले असेन!"

ताई समाधानानं मान डोलवत राहिल्या. "ह्या जातीची माशी कडक कोषाला शिवत नाही, बाई. तिची सुई आत जातच नाही. कोष नुकताच झालेला, मऊ असतो, तेवढीच तिची संधी. म्हणून ती अळी कात टाकायची वाट बघत तिच्या पाठीवर ठाण मांडून बसते. म्हणजे जे झालं ते रविवारच्या आधीच झालं. बाळ्या पिशवी घेऊन आला तोवर खेळ संपला होता."

विहीणबाईंचा चेहरा पडला. पण हार मानणं त्यांच्या रक्तात नव्हतं. "मग कोण?"

मामा कोपऱ्यात उभा राहून ऐकत होता. ही बाग बंद करून इथे झकास रेस्टॉरंट काढावं असं तो वर्षभर बहिणीच्या मागे लागला होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. आता सगळ्यांच्या नजरा त्याच्याकडे वळल्या.

"मी?" मामा किंचाळला. "मला झुरळ दिसलं तरी मी पलंगावर चढतो! आणि मी गावात होतो कुठे? शनिवारी रात्री परत आलो. अक्कानंच स्टेशनवरून आणलं."

"खरं आहे," विहीणबाई नाराजीनं म्हणाल्या. त्यांना ते खोटं असतं तर बरं वाटलं असतं.

उरला बागेच्या फलकासाठी फोटो काढणारा फोटोग्राफर. तो बाहेर फाटकापाशी होता. फाटकावर बागेचा भलामोठा फलक लावला होता. त्यावर पेटीतल्या लटकलेल्या अळीचा फोटो होता, माणसाच्या उंचीएवढा. फलक उतरवायचा की ठेवायचा, हे विचारायला तो आला होता.

"शुक्रवारी दुपारी काढलाय," तो म्हणाला. "बाहेरूनच. पेटी मला उघडू दिली नाही. फोटो नामी आलाय, पण अळीच्या पाठीवर तो कचरा बसलाय ना, त्यानं घात केला. पुसायला गेलो तर अळीची कातडीच पुसली जायला लागली. शेवटी वैतागून तसाच छापला."

ताई फलकाच्या अगदी जवळ गेल्या. मग त्यांनी फोटोग्राफरला लॅपटॉप उघडायला लावला आणि तो ठिपका मोठा कर, अजून मोठा कर, असं करत करत पडदाभर केला.

कचऱ्याला सहा पाय होते. आणि कोपरात वाकवल्यासारख्या दोन मिशा.

४

नानांच्या ग्रीनहाऊसमध्ये परतल्यावर, कोबीच्या वाफ्यांमधल्या बाकावर बसकण मारून ताईंनी चष्मा पुसला.

"ताई, फोटोग्राफरच असणार," नाना म्हणाले. "चांगला फोटो मिळावा म्हणून त्यानंच माशी आत सोडली."

"ज्यानं मुद्दाम माशी बसवली तो तिला कचरा म्हणून पुसायला जाईल का रे?"

नाना त्यांच्या शेजारी बसले.

"आता नीट ऐक," ताई म्हणाल्या. "ह्या माश्यांच्यात स्थळं बघायची भानगड नसते. एका कोषात मुली ढीगभर आणि मुलगे मूठभर. मुलगे आधी बाहेर येतात आणि दारातच मुलींची वाट बघत थांबतात. त्यामुळे घराबाहेर पडणारी प्रत्येक मुलगी लग्न उरकूनच पडते. पुढे ती फळलेलं अंडं घालते, त्याची मुलगी होते. न फळलेलं घालते, त्याचा मुलगा."

"न फळलेल्या अंड्यातून पिल्लू येतं?"

"मधमाश्या, मुंग्या, ह्या माश्या, सगळ्या एकाच गणातल्या. सगळ्यांची हीच तऱ्हा. नराला बापच नसतो. आता बघ. पेटीत सगळेच मुलगे. म्हणजे त्यांच्या आईला आयुष्यात नर भेटलाच नव्हता. रानातून उडत आलेली माशी अशी नसते. तिला जन्मायच्या आधीच भावंडांतून उचलून कुणीतरी एकटीला बाटलीत वाढवलेलं असणार. आणि शुक्रवारी सकाळी फांदी ठेवल्यापासून दुपारी फोटो काढेपर्यंतच्या वेळात तिला हातानं पेटीत सोडलं."

नानांनी विचार केला. शुक्रवारी सकाळी पेटीपाशी होत्या दोघीच. विहीणबाई, आणि...

'तुमच्या माश्यांनी हे होऊच शकत नाही.' एवढं खात्रीनं सांगायला माश्या किती माहीत असाव्या लागतात!

"नाही," नाना उठून उभे राहिले. "नाही ताई. ती पोर असं करणार नाही."

"केलंय असं मी म्हटलं नाही. मुद्दाम केलंय असं तर मुळीच नाही. मुद्दाम केलं असतं तर तिनं आपण होऊन नळी भरून तुला पुरावा कशाला पाठवला असता? पण माशी तिची आहे."

"तिच्या आईला कळलं तर? आईची वर्षभराची मेहनत... ती पोरीला जन्मात माफ करायची नाही." नाना येरझाऱ्या घालू लागले. त्यांची बायको गेल्यापासून त्या घरात बाईमाणूस नव्हतं. महिन्याभरापूर्वी ती मुलगी आली होती. टोमॅटोच्या वेलीखाली पालथी पडून किडे बघत बसली होती आणि चहा गार झाला तरी उठली नव्हती. नानांना तेव्हाच ती घरची वाटली होती.

त्यांनी पायांत चपला सरकवल्या.

"कुठे निघालास?"

"गुन्हा कबूल करायला," नाना म्हणाले.

५

"चूक माझीच," विहीणबाईंच्या दिवाणखान्यात उभं राहून नाना म्हणाले. मामा होता, मुलगीही होती. ताई खांद्याला पिशवी लावून धापा टाकत मागोमाग येऊन दारात थांबल्या. "माझ्याच माश्या. शुक्रवारी... वाऱ्यानं उडून आल्या असतील. तुम्ही मला काय ती शिक्षा करा, पण मुलांचं लग्न मोडू नका."

विहीणबाई बुचकळ्यात पडल्या. "पण तुमच्या बहिणीनंच तर सांगितलं..."

"ताईचं आता वय झालंय," नाना म्हणाले. दारातून जळजळीत नजर आली, ती त्यांनी पाठीवर झेलली.

"काका, खोटं का बोलताय?" मुलगी ताडकन उठली. "ट्रायकोची माशी कोषात अंडी घालतच नाही. आणि त्या हिरव्या माश्या एवढ्या बारीक जाळीतून आत शिरूच शकत नाहीत, आत्या. कुणीतरी दार उघडं टाकलं असणार, रानातली एखादी शिरली असणार, तुम्हीच सांगा ना!"

"रानातली नव्हती गं," ताई मऊ आवाजात म्हणाल्या. "तू पाठवलेल्या नळीत सगळे नर निघाले."

"सगळे?"

"एकूण एक."

मुलीच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. "म्हणजे त्यांची आई एकटी होती," ती सावकाश म्हणाली. "पण एकटीची अंडी पोकळ असतात ना? ती उबतच नाहीत ना?"

"उबतात. फक्त मुलगे होतात."

नाना डोळ्यांनी मुलीला गप्प राहायच्या खुणा करत होते, इतक्या की मामाला वाटलं त्यांच्या डोळ्यांत काहीतरी गेलंय.

"आई," मुलगी म्हणाली, "ती माझी होती."

आणि मग तिनं सगळं सांगून टाकलं. मागे एक कोष किडला होता, तो जाळून टाक म्हणून आईनं तिच्या हातात दिला होता. तिनं जाळण्याआधी तो उघडून पाहिला. आत माश्यांची कच्ची पिल्लं दाटीवाटीनं बसलेली. बाकी सगळी तिनं जाळली, एकच नळीत ठेवली. तिची माशी झाली, मधाचा थेंब चाटून राहिली. ती अळीच्या पाठीवर वाट बघत बसते म्हणतात, ते एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. एकटी आहे, हिच्यानं काही होणार नाही, अशी खात्री होती. शुक्रवारी सोडली आणि रविवारी सकाळी काढून घेतली. "माझ्या मनातसुद्धा आलं नाही गं ती असेल म्हणून. नाहीतर काकांना एवढं बोलू दिलं असतं का मी?"

विहीणबाई उठून खिडकीपाशी गेल्या.

"फुलपाखरं आवडत नाहीत तुला?" शेवटी त्यांनी विचारलं. आवाजात राग नव्हता, तेच जास्त अवघड होतं.

"आवडतात," मुलगी म्हणाली. "पण ह्या जास्त आवडतात. तुला सांगायचा धीर होत नव्हता."

"ह्या? चिलटं?"

ताईंनी पिशवीतून सूक्ष्मदर्शक काढला, टेबलावर ठेवला, दिवा जवळ ओढला आणि खुर्ची सरकवून दिली. विहीणबाई कपाळाला आठ्या घालूनच बसल्या. त्यांनी भिंगाला डोळा लावला.

भिंगाखाली एकच नर होता. हिरवा, पण नुसता हिरवा नव्हे. त्यात सोनं होतं, तांबं होतं, आणि दिवा हलला की निळी लहर उठून जात होती.

"अगं बाई," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी डोळा काढला नाही. नंतर म्हणाल्या, "अगं बाई!" आणि हातानं चाचपत मुलीचा दंड धरून तिला जवळ ओढलं.

मामानंही पलीकडून मान पुढे काढली, मग हिंमत करून दोन पावलं पुढे आला.

६

चहा आला तेव्हा नानांना खुर्ची मिळाली.

"तुम्ही अपराध अंगावर घ्यायला निघाला होतात," विहीणबाई कप पुढे करत म्हणाल्या. "का ते कळलं मला. मी तुम्हाला चारचौघांत बोलले ते चुकलंच माझं. बाकी लग्न मी मोडलं वगैरे काही नव्हतं हं. माझा आवाजच जरा मोठा आहे."

"तो आहेच," मामा म्हणाला. कुणी लक्ष दिलं नाही.

मुलगी ताईंच्या शेजारी बसली होती आणि तिचे प्रश्न संपत नव्हते. ही जात कोणती? नक्की नाव काय?

"कूळ सांगितलं, प्रजातीही सांगेन," ताई म्हणाल्या. "पण त्या प्रजातीतली नेमकी जात छातीठोक सांगायला मला मादी लागते. मुलांवरून ह्यांच्यात काही ठरत नाही."

मुलगी आत गेली आणि मुठीत काहीतरी घेऊन आली. नळीच होती. तिच्या तळाशी ती आई पडली होती, पाय पोटाशी घेतलेली, अजून हिरवी. "टाकवेना," ती म्हणाली.

ताईंनी ती चिमट्यानं अलगद उचलली. कागदाच्या त्रिकोणी तुकड्याच्या टोकाला डिंकाचा कण लावून त्यावर बसवली, तुकडा टाचणीत ओवला. मग पिशवीतून नखाएवढं लेबल आणि बारीक निबाचं पेन काढलं. ठिकाण लिहिलं, तारीख लिहिली. 'संग्राहक' लिहिलं आणि पेन थांबवलं.

"हे म्युझियमच्या कपाटात आपल्या सगळ्यांच्या मागे राहणारं आहे," त्या म्हणाल्या. "तेव्हा नीट सांगा. पोरीचं नाव माहेरचं लिहू की सासरचं?"

मुलीनं आईकडे बघितलं. नानांनी कपात बघितलं, कारण दुसरीकडे कुठे बघायचा त्यांना धीर नव्हता.

"एवढी घाई कसली आहे तुम्हाला?" विहीणबाई फणकाऱ्यानं म्हणाल्या. "लेबल काय पळून चाललंय? पुढच्या महिन्याची तारीख आज इथेच ठरवू, लग्न होऊ दे, आणि मग लिहा सासरचं."

ताईंनी पेनाला टोपण लावलं. नानांनी कप तोंडाला लावला. चहा केव्हाच संपला होता, तरी ते पीतच राहिले.